झाकणराव भट्टीवर असताना

काही माणसांना बघायची सवय असते, काहींना बघायचा रोग असतो. आमच्या धाकटीच्या नवऱ्याला रोग आहे. धाकटी म्हणजे माझी सगळ्यात लहान बहीण. तिच्या नवऱ्याला आमचं सगळं खानदान झाकणराव म्हणतं, आणि तोंडावर म्हणतं. त्याला राग येत नाही. राग यायला आधी कळावं लागतं.

झाकण दिसलं की त्याचा हात शिवशिवतो. दूध तापत ठेवलं की हा झाकण उचलणार, तापलं का बघणार, पुन्हा ठेवणार, पुन्हा उचलणार. इतरांच्या घरी दूध उतू जातं, ह्यांच्या घरी ते तापतच नाही. कुंडीत बी पेरलं की दुसऱ्याच दिवशी बोटानं उकरून मोड आला का ते बघणार. त्या घराच्या खिडकीत कुंड्या पुष्कळ आहेत, झाड एकही नाही. एकदा कोपर सोललं, तर खपली धरली का हे बघायला पट्टी इतक्या वेळा उचकटली, की डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, "काका, तुम्ही जखम बरी करताय की तिची राखण करताय?"

आणि कॅमेऱ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय तर पुढे जाताच येत नाही. तेव्हा रीळवाले कॅमेरे होते. ह्याच्या स्वतःच्या लग्नात फोटोवाला जेवायला बसला, कॅमेरा खुर्चीवर ठेवून. नवरदेव हळूच उठला आणि कॅमेऱ्याची पाठ उघडून आत डोकावला. फोटो आले का बघत होता! सगळं रीळ पांढरं झालं. धाकटीच्या लग्नाचा जो एकुलता एक फोटो आहे, तो नंतर नवं रीळ घालून काढलेला. त्यात तिचा चेहरा असा आहे, की बघणाऱ्यानं आधी विचारावं, कोण गेलं? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो असं म्हणतात. ह्यानं ते बांधून, सोडून, आतून कसं आहे ते बघून परत बांधलं असतं.

असा माणूस नोकरीत कसा टिकला, हा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडायचा. मग एकदा त्याच्या कागद कारखान्यात गेलो आणि उलगडा झाला. तो बॉयलरवर होता, आणि त्या बॉयलरला आत बघायला काचेची खिडकी होती. दिवसभर आगीकडे बघायचं आणि वर पगार घ्यायचा. देव अशांची सोय बरोबर लावतो.

त्या बॉयलरमध्ये काय जळायचं ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. कागद करायला लाकडाचे तुकडे रसायनात शिजवतात. लाकडातले तंतू कागदाला जातात, आणि मागे उरतं दाट, काळं, उग्र वासाचं पाणी. झाडाचे तंतू एकमेकांना घट्ट धरून ठेवणारा जो पदार्थ असतो, झाडाचं सिमेंटच म्हणा ना, तो त्या पाण्यात उतरलेला असतो. त्याला लिग्निन म्हणतात. कारखाना ते काळं पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळायचा आणि झाकणराव ते जळताना बघायचा. त्याची उमर त्यात गेली.

मग कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये एक मॅडम आल्या. बारीक चणीच्या, बोलायला तिखट. त्यांचं म्हणणं असं, की हे जाळू नका, ह्यातून मी कार्बनचा धागा काढते. कार्बनचा धागा म्हणजे तो काळा, केसापेक्षा बारीक, पोलादाच्या तोडीचा आणि वजनाला पिसासारखा. विमानाला लागतो, शर्यतीच्या सायकलला लागतो. एरवी तो खनिज तेलातून आलेल्या मालापासून करतात. मॅडम तो झाडापासून करणार होत्या. त्यांना भट्टी सांभाळायला अनुभवी माणूस हवा होता, आणि कारखान्यानं त्यांना कोण दिलं? झाकणराव! मांजराला दुधाच्या राखणीला ठेवतात असं ऐकलं होतं. इथे मांजराला वर गणवेश शिवून दिला.

आता ह्या धाग्याचं काम कसं चालतं ते मी मॅडमना तीनदा विचारून समजून घेतलं. काळ्या पाण्यातून लिग्निन वेगळं काढतात, धुऊन धुऊन स्वच्छ करतात, वाळवतात. तपकिरी पूड होते. ती वितळवून बारीक भोकांतून ओढली की तपकिरी धागा निघतो, करपलेल्या साखरेच्या तारेसारखा आणि तितकाच ठिसूळ. तो फिरकीवर ताणून गुंडाळतात. मग पहिली भट्टी. तिच्यात हवा असते आणि आच अगदी मुंगीच्या पावलांनी चढवतात. घाई केली तर धागे वितळून एकमेकांना चिकटतात आणि फिरकीचा गोळा होतो. पहिल्या भट्टीतून नीट निघाला, की धागा पुन्हा वितळत नाही. मग दुसरी भट्टी. तिची आच भयंकर, आणि आत हवेचा टिपूस चालत नाही. हवा काढून नायट्रोजन भरतात. आतला माल तापतो, पण जळत नाही, नुसता कोळसा होतो. आणि भट्टी बंद केल्यावरही ती पूर्ण निवेपर्यंत दार उघडायचं नाही. गरम कोळशाला हवा लागली की राख.

हे मला सातवीपर्यंतच्या शाळेवर चटकन कळलं, कारण आमच्या गावाबाहेर एक कोळसेवाला होता. लाकडं रचायची, वर माती लिंपायची, आत धुमसू द्यायची आणि निवेपर्यंत ढिगाला हात लावायचा नाही. एकदा गावातलं एक बडं प्रस्थ तिथे येऊन म्हणालं, जरा उकर, आत काय चाललंय बघू दे. कोळसेवाला म्हणाला, "बघा की. पण आधी घरून पोतं आणा, राख न्यायला." प्रस्थ निमूट परत गेलं. झाकणराव मात्र प्रस्थही नव्हता आणि निमूटही नव्हता.

आता धाकटीचं सांगतो, कारण हसण्याचा भाग इथे जरा थांबतो. तिला मागच्या वर्षी आजार झाला आणि त्यातून उठली तर उजवं पाऊल पडलेलं. म्हणजे पाय उचलला की पाऊल लोंबकळतं, बोटं जमिनीला घासतात, अडखळायला होतं. दवाखान्यानं लोखंडी कॅलिपर दिला, दोन कांबी, चामड्याचे पट्टे आणि एक जाडजूड बूट. तो घालून खोलीत चालता यायचं. पण ती राहते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना उभा. तेवढं ओझं पायाला बांधून खाली उतरायचं तर एका पायरीला दोन श्वास लागायचे, आणि चढताना तर तिला उचलूनच आणावं लागे. तिनं उतरणं सोडलं.

आणि खाली, रस्त्यापलीकडच्या बाजारात तिचा गाळा होता. बटणांचा. बटणं, हुक, लेस, चेन. एवढासा गाळा, पण अख्ख्या भागातले शिंपी तिथे यायचे. त्या बाजाराचा नियम असा, की गाळा फार दिवस बंद राहिला तर तो काढून दुसऱ्याला देतात. हिवाळा संपला की बाजार कचेरीचा माणूस फिरतो, बंद गाळ्यांवर खडूनं फुली मारतो, आणि फुली पडली की गाळा गेला. धाकटी दिवसभर खिडकीत बसून आपल्या बंद शटरकडे बघायची. मी भेटायला गेलो की म्हणायची, "दादा, समोरची लेसवाली बघ. गिऱ्हाईक आलं तरी उठत नाही. हिचा गाळा चालू आणि माझा बंद. देवाला बटणातलं काही कळत नाही."

मॅडम एकदा काही कामानं त्यांच्या घरी आल्या, त्यांनी तो कॅलिपर उचलून बघितला आणि म्हणाल्या, "काकी, पहिली चांगली फिरकी निघाली की तिची चाचणी म्हणून तुमच्या पायाची पट्टी करू. दवाखान्यातला कारागीर तुमच्या पायाचा साचा घेईल. ह्याच्या पाव वजनाची होईल." त्या दिवसापासून धाकटी नवऱ्याला रोज एकच प्रश्न विचारू लागली, "झाला का धागा?"

आणि धागा होता झाकणरावांच्या हातात.

पहिल्या भट्टीत त्यानं डोकावून बघितलं. दोनदा. आच जरा खाली गेली, पण तिच्यात तशीही हवाच असते, फारसं बिघडलं नाही. हीच चूक झाली. तिथे काही बिघडलं असतं, तर बरं झालं असतं. ह्याला वाटलं, मॅडम उगाच घाबरवतात. मग दुसऱ्या भट्टीत माल गेला, आच लागली, आच बंद झाली, भट्टी निवायला लागली. झाकणरावांनी विचार केला, आता विस्तव बंद आहे, मग दाराला काय हरकत? उघडलं.

मॅडम सांगत होत्या, आधी आत एक लालसर ठिणगी फिरली, मग दुसरी, आणि बघता बघता फिरकीवर करडी भुकटी राहिली. फुंकर मारली तर तीही गेली.

घरी येऊन ह्यानं सांगितलं, "वीज गेली."

"कुठली वीज?" धाकटी म्हणाली. "खिडकीतून तुमच्या शेडचा दिवा दिसतो मला. दिवसभर चालू होता."

"अगं, भट्टीची वेगळी असते."

"आणि भुवया कशा जळल्या? त्याही वेगळ्या विजेवर चालतात?"

मॅडमनी भट्टीच्या दाराला कुलूप बसवलं. छान केलं. पण कारखान्याचा नियम पडला, किल्ली भट्टीवाल्याकडे राहील. हे कुणी ठरवलं मला माहीत नाही, पण त्याला शोधून त्याचा सत्कार करायला हवा. दुसऱ्या वेळी झाकणरावनं म्हणे दार पूर्ण उघडलंच नाही, बोटभर फट केली. बोटभर फटीतून बोटभर हवा जाते अशी त्याची समजूत. ह्या वेळी निम्मी फिरकी जळली, आणि उरलेली हातात घेतली की मोडायची.

मॅडमनी हात टेकले. त्यांच्याकडे नीट धुतलेल्या पुडीच्या धाग्याची एकच फिरकी उरली होती. नवी पूड धुऊन तयार करायची तर हिवाळा सरून गेला असता. त्या म्हणाल्या, ह्या माणसाला भट्टीवरून काढा. आणि तिथे पत्रकसाहेब आडवे आले.

पत्रकसाहेब हे कारखान्याच्या जाहिरातीचं बघायचे. गुळगुळीत माणूस. शेडमध्ये काय होतं ते त्यांना कधी कळलं नाही, पण त्याबद्दल छापायचं काय ते नेहमी आधी कळायचं. त्यांनी धागा निघायच्या आधीच रंगीत पत्रक छापून मोकळं केलं होतं. त्यात लिहिलं होतं, "आमचं विमान झाडाला लागेल." वर झाकणरावचा फोटो, भट्टीच्या दारावर हात ठेवून, छाती काढून. खाली ओळ: "हरित उद्याचा राखणदार."

"पत्रकं पाहुण्यांना गेली आहेत," पत्रकसाहेब म्हणाले. "आता भट्टीवर दुसरा माणूस दिसला तर कसं वाटेल?"

"आणि भट्टीत राख दिसली तर?" मॅडमनी विचारलं.

"राखेचा फोटो आपण घेणार नाही."

आता ह्याला काय म्हणाल! छापलेला फोटो खोटा पडू नये म्हणून खरा माल जाळायला तयार. मी आयुष्यात गाढवं पुष्कळ बघितली. काही ओझी वाहतात, काही पत्रकं.

धाकटीला हे सगळं मी सांगितलं. तिनं शेजारचा बटणांचा डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "दादा, खुर्ची उचलता येईल तुला?"

"कुठली?"

"मी बसलेली."

तर अशी ती वरात कारखान्याच्या शेडकडे निघाली. मी पुढे, झाकणराव मागे, मध्ये खुर्ची, खुर्चीत धाकटी, तिच्या मांडीवर बटणांचा पत्र्याचा डबा. प्रत्येक मजल्यावर आम्ही दम घ्यायला थांबलो, आणि प्रत्येक मजल्यावर झाकणराव म्हणाला, "दादा, तुमच्या बाजूनं वाकडं होतंय." मी म्हणालो, "जावईबुवा, लग्न ठरलं तेव्हापासूनच वाकडं आहे, आता काय सांगता?" धाकटी वरून म्हणाली, "दोघंही गप्प बसा, मी पडले तर तुम्हा दोघांवर पडेन."

शेवटची फिरकी आदल्या दिवशीच दुसऱ्या भट्टीत गेली होती आणि सकाळी आच बंद केली होती. संध्याकाळपर्यंत निवायचं होतं. आम्ही धाकटीची खुर्ची भट्टीसमोर नेली, अंगाला ऊब लागेल पण चटका नाही इतक्या अंतरावर. तिनं खुर्ची फिरवून भट्टीकडे पाठ केली आणि कॅलिपरचा पाय पुढे आडवा टाकला. दाराकडे जायची वाटच बंद. मग हात पुढे केला.

"किल्ली."

"अगं, नियमानं किल्ली भट्टीवाल्याकडेच असते," झाकणराव म्हणाला.

"भट्टीवाल्यानं नियमानं बाहेर जाऊन बसावं."

किल्ली तिनं डब्यात टाकली आणि डबा खदाखदा हलवला. झाली बटणांत नाहीशी. मग ती बटणं निवडत बसली, चार भोकांची एकीकडे, दोन भोकांची दुसरीकडे.

झाकणराव भोवती घिरट्या घालू लागला. आधी म्हणाला, आतून आवाज येतोय. धाकटी म्हणाली, "येऊ दे." मग म्हणाला, वास येतोय. ती म्हणाली, "आंघोळ करा." मग थेट म्हणाला, "अगं, तुझ्या मागून धूर निघतोय!"

"तो माझ्या डोक्यातून निघतोय."

"चेष्टा नको. भट्टीवाल्याला कळतं ते तुला कळणार आहे का?"

"अहो, भट्टीवाल्याला काय कळतं ते दोन फिरक्यांनी सांगितलंय मला," ती म्हणाली. बटण निवडायचं थांबली नाही, पण आवाज बदलला. "ऐका. आत धागा नाही, माझा पाय आहे. तुम्हाला बघायची हौस आहे ना? मग तीन मजले उतरताना मला बघा. तोवर त्या दाराला हात लावलात, तर मी हा डबा तुमच्या डोक्यावर उपडा करेन आणि तुम्हाला एकेक बटण वेचायला लावेन."

मॅडम काचेच्या केबिनमधून हे ऐकत होत्या. त्यांनी आम्हाला दोन कप चहा पाठवला. आम्ही तिघं होतो. तिसरा कुणाला नव्हता, हे सांगायला नकोच.

आणि दुपारी काय व्हावं? बघायला काही उरलं नाही तसा झाकणराव बाकावर बसला, बसल्याचा आडवा झाला, आणि घोरायला लागला. हरित उद्याचा राखणदार! तोंड उघडं, त्यावर माशी. ह्या माणसाला कुतूहल होतं असं मी इतकी वर्षं समजत होतो. कुतूहल कसलं, नुसता हाताचा चाळा. खरं कुतूहल असतं तर झोप लागली असती का? धाकटीला लागली नाही. दुपारभर ती पाठीवर भट्टीची ऊब घेऊन बसली होती, आणि मी बघितलं, तीही दोनदा मान वळवता वळवता थांबली.

संध्याकाळी तापमापकाच्या काट्यानं सांगितलं, भट्टी निवाली. मॅडमनी किल्ली मागितली. ती शोधायला मॅडम, मी आणि धाकटी, तिघांनी डब्यात हात घातले. दार उघडलं.

काळा धागा. माशाच्या पाठीसारखा चमकणारा, एकेक तार सुटी. मॅडमनी एक तार ओढून मापाच्या यंत्रात घातली, आकडा बघितला, आणि नेहमीसारखं खरं तेच बोलल्या, "तेलाच्या धाग्याइतका मजबूत नाही. विमान नाही होणार ह्याचं. पण पायाला दोन थर जास्त घातले तर चालेल."

"मला उडायचं नाहीच आहे," धाकटी म्हणाली. "रस्ता ओलांडायचाय."

कारागिरानं तिच्या पायाच्या साच्यावर धाग्याचे थर बसवले, मध्ये चिकटवायचं रसायन. ते रसायन मात्र तेलाचंच होतं. मॅडमनी पत्रकसाहेबांना ते सांगितलं, तर ते म्हणाले, "एवढं तपशिलात कुणी जात नाही." पट्टी झाली, पोटरीमागून खाली येऊन तळव्याखाली वळणारी, पातळ, वजनाला लाकडी डावाइतकी. धाकटीनं ती अजून घातलीही नव्हती, तेवढ्यात पत्रकसाहेब ती फोटोसाठी घेऊन गेले.

आणि परत आली तेव्हा ती हिरवी होती.

खोटं सांगत नाही. हिरवीगार, तैलरंगात, आणि वर पिवळ्या शिरांची पानं काढलेली. पाहुणे विचारत होते म्हणे, झाडापासून केलं तर काळं कसं? म्हणून साहेबांनी पेंटर बोलावला. रंगाचे दोन हात, वर चकाकी. तळव्याकडून ती इतकी जाड झाली की बुटात शिरेना. हिवाळा संपत आलेला, समोरच्या बाजारात कचेरीचा माणूस कधीही येणार, आणि हिची पट्टी पालवी फुटून घरी आलेली!

"मला झाड लावायचं होतं का पायाला?" धाकटी म्हणाली. आवाज चढला नाही. तो चढला नाही की मला भीती वाटते.

मॅडमनी ती परत नेली आणि स्वतः बसून बारीक कागदानं सगळा रंग घासून काढला, आतल्या धाग्याला ओरखडा न उठवता. त्याला दिवस गेले. इकडे पत्रकसाहेबांनी पाहुण्यांचा कार्यक्रम ठरवला. धाकटीनं व्यासपीठावर चालून दाखवायचं, टाळ्या, फोटो, झाकणरावचं भाषण. झाकणरावनं कोट इस्त्री करून ठेवला.

कार्यक्रमाच्या सकाळी काळी पट्टी घरी पोहोचली. धाकटीनं ती बांधली, वर साधा बूट घातला. उभी राहिली. पाऊल लोंबकळलं नाही. खोलीत एक फेरी मारली आणि खिडकीपाशी गेली.

खाली, बाजारात, एक माणूस हातात खडू घेऊन गाळ्यागाळ्यासमोरून चालला होता.

"दादा, चल," ती म्हणाली.

"गाडी यायचीय की पाहुण्यांची."

"येऊ दे."

जिना ती स्वतः उतरली. कठडा धरून, पाऊल सपाट टाकत, घाई न करता, आणि मी मागून येत होतो तर मलाच म्हणते, "दादा, सांभाळून. तुझं वय झालं." दारात कारखान्याची गाडी उभी होती. ड्रायव्हरनं दार उघडलं. ती गाडीसमोरून निघून गेली आणि रस्ता ओलांडायला लागली. ड्रायव्हर माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. मी म्हणालो, "बाबा, तूही चल. शटर गंजलंय, तुझे हात लागतील."

आम्ही पोहोचलो तोवर तिच्या शटरवर पांढरी फुली पडलेली होती आणि कचेरीचा माणूस पुढच्या गाळ्याकडे वळला होता.

"अहो, हा गाळा चालू आहे," धाकटी म्हणाली.

"फुली मारून झाली, बाई."

"मग पुसा."

"मी फक्त मारतो. पुसायचं खातं वेगळं."

धाकटीनं ओढणीचं टोक तोंडात ओलं केलं, वाकली, कोपर लावून फुली घासून काढली. मग सरळ उभी राहिली, कशाचाही आधार न घेता.

"आता?"

त्यानं शटरकडे बघितलं, खडूकडे बघितलं. "आता नाहीये," तो म्हणाला.

"मग पुढे चला."

"पण बाई, तुम्हाला चालता येत नाही असं कळलं होतं."

"कोण म्हणालं?"

"तुमचेच मिस्टर. दर आठवड्याला कचेरीत येऊन विचारायचे, आमच्या गाळ्याची फुली ठरली का, ठरली का. नाहीतर आमचं लक्षही गेलं नसतं. एवढ्या गाळ्यांत कोण बघतो?"

मी धाकटीकडे बघायचं टाळलं. ड्रायव्हर आणि मी शटरला खांदा दिला. ते किंचाळत वर गेलं. आत धूळ, जाळी, आणि भिंतीभर बटणांच्या काचेच्या बरण्या, जशा ठेवल्या होत्या तशा. धाकटी फळीमागे जाऊन उभी राहिली. बसायला स्टूल होतं, तिनं ते पायानं, त्याच पायानं, बाजूला सारलं.

तिकडे कार्यक्रमात म्हणे झाकणरावनं एकट्यानंच भाषण केलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, ती बाई कुठे आहे? साहेबांनी सांगितलं, ती इतकी बरी झाली की घरात सापडत नाही. उभ्या आयुष्यात पत्रकसाहेब एकदाच खरं बोलले, तेही नाइलाजानं.

दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं. एक बाई, हातात लहान मुलाचा कोट, पुढे तुटक्या दोऱ्याचा लोंबता धागा. दुसऱ्या हातात नमुन्याचं एक बटण.

"असंच द्या. सोनेरी."

धाकटीनं ते बटण उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"हे माझ्या गाळ्यातलं नाही ना?"

"नाही. तुमचा गाळा बंद होता ना."

"म्हणूनच तुटलं," धाकटी म्हणाली, आणि वरची बरणी काढायला टाचा उंचावून उभी राहिली.